ग्रॅमसाहेबांची तीनचाकी

ग्रॅमसाहेब डॉक्टरांच्या काट्यावरून उतरले. गुडघ्यांची कुरकुर ऐकत ते हळूहळू खाली वाकले आणि त्यांनी काट्याच्या कडेचा बुडबुडा पाहिला. काटा सपाट जागी ठेवलाय की नाही, ते हा बुडबुडा सांगतो. तो गोलाच्या बरोबर मध्ये होता. मग त्यांनी काट्याच्या चारही पायांखालून बोट फिरवलं. खडा नाही, कागदाची घडी नाही. शून्य जागच्या जागी. पडताळणीचा शिक्का याच वर्षीचा.

"एकशे अठरा," डॉक्टर म्हणाले. "का, काट्यात काही दोष?"

"नाही," ग्रॅमसाहेब म्हणाले. आयुष्य खोटे काटे पकडण्यात गेलेल्या या माणसाला एखादा काटा खरा निघाल्याचं वाईट वाटण्याची ही पहिलीच वेळ होती.

ग्रॅमसाहेब हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते, आणि एका ग्रॅमचीही सूट देत नसत म्हणून बाजारातल्या दुकानदारांनी त्यांना हे नाव ठेवलं होतं. पितळी वजनांची पेटी घेऊन ते बाजाराच्या एका टोकाला दिसले, की दुसऱ्या टोकाचे काटे आपोआप सुधारायचे म्हणे. निवृत्त होताना पेटी खात्यात जमा केली, पण हाताची सवय काही जमा करता आली नाही. अजूनही कुणाची पिशवी क्षणभर हातात धरली तरी ते तिचं वजन सांगू शकत, आणि कुणी विचारलं नसलं तरी सांगत. घरात मात्र त्यांनी कधी काटा येऊ दिला नव्हता. "न्हावी घरी येऊन स्वतःच्या बायकोचे केस कापतो का?" असं ते विचारायचे. हा प्रश्न ऐकून समोरचा असा काही गोंधळायचा, की घरात काटा नसण्याचं दुसरं काही कारण असेल हे त्याच्या डोक्यातच येत नसे.

तर डॉक्टरांनी त्यांना बऱ्याच गोष्टी सांगितल्या. हे कमी खा, ते बंद करा, रात्री लवकर जेवा, आणि गुडघ्यांवर भार न टाकता व्यायाम करा, म्हणजे सायकल वगैरे. ग्रॅमसाहेबांनी सगळं लक्षपूर्वक ऐकलं आणि त्यातलं शेवटचं तेवढं घरी नेलं.

त्याला कारण होतं. घरापासून थोड्या अंतरावर एक चढ आहे, आणि चढ संपला की तळं. लग्न झाल्यापासून ते आणि वहिनी रोज संध्याकाळी त्या तळ्याला चक्कर मारायचे. (वहिनी म्हणजे त्यांची बायको. सगळी इमारत त्यांना वहिनी म्हणते, म्हणून आपणही म्हणू.) गेल्या वर्षापासून गुडघ्यांनी असहकार पुकारला आणि वहिनी एकट्या जाऊ लागल्या. सुरुवातीला परत आल्या की सगळं सांगायच्या. बदकांना पिल्लं झाली, आपल्या बाकाला कुणीतरी हिरवा रंग दिला, रंग ओला होता आणि एक गृहस्थ त्यावर बसले. मग सांगणं कमी होत गेलं. अलीकडे त्या नुसत्या "आले हं" म्हणायच्या आणि दिवा लावायच्या. ग्रॅमसाहेबांना गुडघ्यांपेक्षा हे जास्त दुखत होतं. पण हे बोलून दाखवणार कोण? म्हणून त्यांनी जाहीर केलं, की डॉक्टरांच्या सांगण्यावरून आपण सायकल घेणार आहोत.

"दोन चाकांवर नको हं," वहिनी ताबडतोब म्हणाल्या. "या वयात पडलात तर उचलायला चार माणसं लागतील." ही चार माणसांची संख्या ग्रॅमसाहेबांच्या मनाला जरा लागली. दोन म्हणाली असती तर चाललं नसतं का?

मेव्हणे त्या वेळी तिथेच होते. वहिनींचे हे धाकटे भाऊ जगातल्या कोणत्याही यंत्राबद्दल बोलू शकत आणि कोणतंही यंत्र त्यांच्यासमोर दुरुस्त झाल्याचं कुणी पाहिलेलं नव्हतं. "भाऊजी, इलेक्ट्रिक तीनचाकी घ्या," ते म्हणाले. "मागे दोन चाकं, पुढे एक. पडायचा प्रश्नच नाही. पायडल मारावंसं वाटलं तर मारा, नाही तर बटण दाबा. मागे बाक असतो, ताई बसेल."

मागे बाक असतो, एवढ्या तीन शब्दांनी काम झालं. वहिनी मागे बसल्यात, आपण हँडल धरलंय, चढ खाली जातोय आणि तळं वर येतंय, असं चित्र ग्रॅमसाहेबांच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं, ते शेवटपर्यंत हललं नाही.

दुकान तीनचाकींचंच होतं. मालकीण चटपटीत आणि गोड बोलणारी होती. तिनं आधी त्यांना कोपऱ्यातली एक राखाडी गाडी दाखवली. जाड चाकं, जाड अ‍ॅक्सल, रुंद सीट आणि मागे बाकाबरोबर एक लोखंडी टोपली. गाडी कसली, आडवं केलेलं कपाटच ते. "ही दोनशे वीस किलो ओढते, काका," ती म्हणाली. "पाण्याचे जार पोचवणारे हीच नेतात."

"मी पाण्याचे जार पोचवत नाही," ग्रॅमसाहेब म्हणाले. त्यांची नजर खिडकीतल्या आकाशी तीनचाकीवर गेली होती. सडपातळ नळ्या, घंटीला चकाकी, मागच्या बाकाला गुबगुबीत गादी. "ही?"

"ही दीडशे किलोंची. माणसं, सामान सगळं धरून." मालकीण जरा थांबली. "काका, विचारते म्हणून रागावू नका. तुमचं वजन किती?"

आता हा प्रश्न एकांतात विचारला असता, तर ही कथा इथेच संपली असती. पण दुकानात त्या वेळी पळायचे बूट घातलेलं एक तरुण जोडपं उभं होतं. दोघं मिळून ग्रॅमसाहेबांच्या एका बाजूइतके भरले असते. शिवाय मेव्हणे होते आणि वहिनी होत्या. ग्रॅमसाहेबांनी छाती पुढे काढली, त्यामुळे पोट आत जाईल असा त्यांचा अंदाज होता.

"पंच्याण्णव," ते म्हणाले.

हे अगदीच खोटं होतं असं नाही. निवृत्तीच्या पुष्कळ आधी कधीतरी ते खरोखर पंच्याण्णव किलो होते. पण काट्यावरचा शिक्का वर्षभरच चालतो, नंतर पडताळणी करून घ्यावी लागते, आणि मुदत संपलेला शिक्का दाखवणाऱ्या दुकानदारांना त्यांनी स्वतः किती वेळा फैलावर घेतलं होतं! त्यांचे कान तापले.

"आणि काकू?"

"पंचावन्न," वहिनी म्हणाल्या. जरा जास्तच लगेच म्हणाल्या.

"पंच्याण्णव आणि पंचावन्न, दीडशे," मेव्हण्यांनी बेरीज केली. "भाऊजी, गाडी तुमच्या मापानं बनवलीय!"

"अगदी काठावर होतंय," मालकीण म्हणाली. "थोडी सवड ठेवलेली बरी असते, काका."

"दीडशे म्हणजे दीडशे," ग्रॅमसाहेब म्हणाले. "मापात असेल तर ते मापात आहे. सवड ही भानगड आमच्या खात्यात नव्हती." आणि आकाशी तीनचाकी घरी आली.

घरी आली म्हणजे फाटकापर्यंत आली. आत आणायला इमारतीच्या समितीची परवानगी हवी होती. समितीचे चिटणीस नियमांचं पुस्तक घेऊन खाली आले. दोन चाकांच्या गाड्या डाव्या भिंतीला, चार चाकांच्या उजव्या, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. तीन चाकांचा उल्लेख साऱ्या पुस्तकात एकाच ठिकाणी सापडला. 'मुलांच्या तीनचाकी सायकली जिन्याखाली ठेवाव्यात. सायकलवर मुलाचं नाव, वय आणि पालकाचं नाव लिहिलेली चिठ्ठी असावी.'

"अहो, पण मी मूल नाही!"

"ते मला दिसतंय, साहेब," चिटणीस म्हणाले. "पण नियमात दुसरी सोय नाही. तुम्हीच सांगा, तुम्ही खात्यात असताना नियम वाकवला असतात का?"

हा घाव वर्मी बसला. दुसऱ्या दिवशी आकाशी तीनचाकी जिन्याखाली उभी होती आणि तिच्या हँडलला चिठ्ठी लटकत होती. वय त्रेसष्ट. पालकाच्या रकान्यात वहिनींचं नाव. वहिनींनी तिथे मोठ्या आनंदानं सही केली होती.

जिन्यालगत तळमजल्यावरच्या आजींचं दार होतं. आजी एकट्या राहायच्या, रोज दोन वर्तमानपत्रं पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलायच्या. "छान आहे हो गाडी," त्या म्हणाल्या. "कधी भंगारवाल्याकडे गेलात तर माझी रद्दी न्याल का? हल्ली रद्दीच भरत नाही बघा. वाचते पूर्वीइतकंच, आणि रद्दी मात्र कमी. तो म्हणतो पेपर पातळ झालेत."

"नेईन की," असं म्हणून ग्रॅमसाहेब गाडीवर चढले. गाडीनं एक बारीकसा आवाज केला. आवाज नव्या गाडीचा असेल असं सगळ्यांनी ठरवलं.

तीनचाकी पडत नाही हे खरं, पण ती सरळ जाते असंही कुणी सांगितलेलं नव्हतं. रस्ता कडेला जरा उतरता असतो हे ग्रॅमसाहेबांना इतक्या वर्षांत जाणवलं नव्हतं. तीनचाकीला ते लगेच जाणवलं. ती शांतपणे डावीकडे डावीकडे जात राहिली आणि आवाराच्या कडेला चिटणिसांनी लावलेल्या शेवंतीत जाऊन थांबली. सवयीनं ग्रॅमसाहेब वळणावर अंग झुकवत होते, आणि तीनचाकीवर ते करायचं नसतं. दुसऱ्या प्रयत्नात ते उजवीकडे गेले आणि चार चाकांच्या गाड्यांच्या भिंतीशी थांबले. "तिथे नाही चालायची हं!" वरच्या खिडकीतून चिटणिसांचा आवाज आला.

चार दिवसांनी गाडीवर हात बसला आणि तळ्याचा बेत ठरला. वहिनींनी ठेवणीतली साडी नेसली. ग्रॅमसाहेबांनी घंटी वाजवली. सपाट रस्त्यावर गाडी छान चालली. वहिनी मागून काहीतरी बोलत होत्या आणि ते ऐकायला आपण पुन्हा जवळ आहोत, या विचारानं त्यांनी उगाच पुन्हा घंटी वाजवली. मग चढ लागला. मोटर आधी गुणगुणली, मग कण्हली, आणि चढाच्या बरोबर मध्यावर दिवा लाल होऊन बंद पडली.

"तापली असेल," ग्रॅमसाहेब म्हणाले आणि जिवाच्या आकांतानं पायडल मारू लागले. गाडी इंचभर पुढे जाऊन दोन इंच मागे आली.

"मी उतरते," वहिनी म्हणाल्या. "नाहीतरी बसून बसून पाय अवघडलेत." त्यांना बसून पुरती पाच मिनिटंसुद्धा झाली नव्हती. त्या उतरल्या आणि ठेवणीतल्या साडीचा पदर खोचून मागून ढकलू लागल्या. तेवढ्यात दुकानातलं ते पळणारं जोडपं चढावरून खाली आलं. दोघांनी अगदी प्रेमानं हात लावला. "काका, तुम्ही बसा, उतरू नका," तो तरुण म्हणाला. असे तिघं ढकलत असताना, मध्ये ताठ बसून, घंटीवर हात ठेवून ग्रॅमसाहेब तळ्यापाशी पोचले. बाकावर बसल्यावर त्यांनी बदकांकडे पाहिलं नाही. वहिनींनी बदकांबद्दल काही सांगितलंही नाही. ती संध्याकाळ त्यांना फार जड गेली.

मग सल्ल्यांना ऊत आला. मेव्हण्यांचं निदान हवेचं होतं. त्यांनी चाकांत इतकी हवा भरली, की रस्त्यातला प्रत्येक खडा ग्रॅमसाहेबांना वैयक्तिक ओळखू येऊ लागला. चिटणिसांच्या मते दोष जिन्याखालच्या चार्जिंगच्या प्लगचा होता. आजी म्हणाल्या, गाडीला दृष्ट लागली असेल, रंगच तसा आहे. पण सगळ्यांत चिकाटीनं मागे लागले ते तिसऱ्या मजल्यावरचे मास्तर. त्यांनी आयुष्यभर शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं होतं आणि निवृत्तीनंतर हातात गणितच आलं नव्हतं. त्यांनी चढाचा कोन मोजून आणला, मोटरची ताकद वाचली आणि कागद घेऊन बसले.

"वजन?"

"पंच्याण्णव," ग्रॅमसाहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले.

"वहिनींचं?"

"पंचावन्न," स्वयंपाकघरातून आवाज आला.

मास्तरांनी आकडे मांडले, खोडले, पुन्हा मांडले. "हे अशक्य आहे," ते म्हणाले. "ही मोटर हा चढ हसत हसत चढायला हवी." त्या दिवसापासून मास्तरांची झोप उडाली. ते सकाळी दार ठोठावून म्हणायचे, "समोरचा वारा धरला नव्हता!" आणि दुपारी येऊन सांगायचे, "वारा धरूनही जमत नाही." बेअरिंग, डांबर, हवेतला दमटपणा, सगळ्यांवर आळ घेऊन झाला. साऱ्या इमारतीनं मिळून दोष शोधला, आणि तो दोष अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून सगळ्यांच्या मधोमध उभा होता. मास्तरांचे खोल गेलेले डोळे बघून ग्रॅमसाहेबांना अपराधी वाटे. एकदोनदा त्यांनी तोंड उघडलंसुद्धा. पण पंच्याण्णव चारचौघांत सांगून झालं होतं, आता ते परत कसं घ्यायचं?

शेवटी चाकानंच या गोष्टीला वाचा फोडली. एका सकाळी आवारातून निघताना मागून 'टण्ण' असा आवाज आला. मग आणखी एक. डाव्या चाकाच्या तारा एकामागून एक तुटल्या, रिम वाकडी झाली आणि ग्रॅमसाहेब तिरके होऊन पुन्हा शेवंतीत शिरले. या खेपेला शेवंतीचं काही उरलं नाही.

"आता मात्र बस्स!" मेव्हणे गरजले. "भाऊजी, गाडीच सदोष आहे. बदलून घ्यायची. चला!"

अशी वरात निघाली. वाकड्या चाकाची गाडी मेव्हणे आणि मास्तर ढकलत होते, मागे वहिनी, आणि सगळ्यांत मागे ग्रॅमसाहेब, पाय ओढत. दुकानाशेजारीच भंगारवाला होता, म्हणून आजींनी रद्दीचा गठ्ठाही आणून दिला. ग्रॅमसाहेबांनीच तो उचलून बाकावर ठेवला. ठेवताना हातानं सवयीनं निकाल दिला, दहा किलो.

मालकिणीनं चाक पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. "काका, कंपनी बदलून देईल. फक्त एक आहे. चालवणाऱ्याचं वजन मर्यादेत होतं असं दाखवावं लागतं. काट्यावर उभं राहून फोटो पाठवायचा."

ग्रॅमसाहेबांनी मान ताठ केली. "माझ्या शब्दावर विश्वास नाही?"

"माझा आहे हो, काका. कंपनीचा नाही."

"अहो, यात काय आहे?" मेव्हणे म्हणाले. "भंगारवाल्याकडे मोठा काटा आहे. भाऊजींचं आयुष्य काट्यांत गेलंय. ते काय काट्याला घाबरणार?"

आयुष्यात पहिल्यांदाच ग्रॅमसाहेबांना दुकानदारांचा चेहरा तपासणीच्या दिवशी तसा का होतो, ते आतून कळलं. वहिनी त्यांच्याकडे बघत होत्या. मास्तर कागद-पेन्सिल घेऊन तयार होते. पळून जावं म्हटलं तर गुडघे आणि तीनचाकी, दोन्ही नादुरुस्त. भंगारवाल्याचा काटा जुन्या पंख्यांच्या आणि फुटक्या बादल्यांच्या मध्ये जमिनीवर पडला होता. ग्रॅमसाहेबांनी चपला काढल्या. चष्मा काढला. खिशातल्या किल्ल्या वहिनींच्या हातात दिल्या. मग डोळे मिटून काट्यावर चढले.

"चौऱ्याण्णव किलो सहाशे!" मेव्हणे ओरडले.

ग्रॅमसाहेबांनी डोळे उघडले. आकडा समोर लाल अक्षरांत चमकत होता. मालकिणीनं फोटो काढला. "सॉरी, काका," ती म्हणाली. "माझ्या मनात उगाच शंका आली होती. नवी गाडी मिळेल, काळजी करू नका." मास्तरांनी हताश होऊन कागदाची घडी केली. ग्रॅमसाहेबांचा जीव भांड्यात पडला. चढावरचं पायडल, त्या शेवंतीतल्या कसरती, सगळ्याचं फळ असेल, अशी एक वेडी आशा त्यांना वाटली. अशा वेळी ती कुणालाही थोडा वेळ वाटली असती.

"साहेब, रद्दी देता ना?" भंगारवाल्यानं गठ्ठा काट्यावर टाकला. "आठ किलो. आजींची ना? पेपर पातळ झालेत हल्ली."

ग्रॅमसाहेबांनी गठ्ठ्याकडे पाहिलं. मग आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. तो हात आयुष्यात कधी दोन किलोंनी चुकला नव्हता. त्यांची नजर काट्याच्या मागे गेली. शिक्क्याची तार तुटलेली होती. बुडबुडा एका कोपऱ्यात जाऊन बसला होता.

कुणाचंच तिकडे लक्ष नव्हतं. मेव्हणे मालकिणीला हवेचं महत्त्व सांगत होते. ग्रॅमसाहेबांनी चपला घातल्या, किल्ल्या खिशात टाकल्या, चष्मा लावला. आकाशी गाडी नवी मिळणार होती. पंच्याण्णवाला आता फोटोचा पुरावा होता. नुसतं घरी जायचं होतं. त्यांनी दोन पावलं टाकली आणि त्यांना डोळ्यांपुढे आजी दिसू लागल्या, चष्मा नाकावर घेऊन दोन्ही पेपर शेवटच्या ओळीपर्यंत वाचणाऱ्या.

"हा काटा खोटा आहे," ते म्हणाले.

भंगारवाला कसनुसा हसला. "काय साहेब! मागे त्याच्यावर एक शेगडी पडली होती, तेवढंच. कशावरून खोटा?"

"खात्रीचं वजन ठेवून बघता येतं."

"इथे कुठलं खात्रीचं वजन? तुमची पितळी पेटी तर तुम्ही जमा केलीत."

ग्रॅमसाहेबांनी एकदा वहिनींकडे पाहिलं. मग ते पुन्हा चपला काढून काट्यावर चढले. या वेळी डोळे उघडे होते. "खात्रीचं वजन मी आहे," ते म्हणाले. "डॉक्टरांकडे पडताळलेलं. एकशे अठरा किलो. आणि तुझा काटा चौऱ्याण्णव दाखवतोय. म्हणजे शंभराला वीस किलो तू लोकांचे खातोयस. आजींची रद्दी दहा किलो आहे."

मास्तरांनी झडप घालून कागदाची घडी उलगडली. पेन्सिल सरसर फिरली. "एकशे अठरा!" ते आनंदानं किंचाळले. "मग मोटर बंद पडायलाच हवी! साहेब, माझं गणित बरोबर होतं!" आणि त्यांनी काट्यावर उभ्या असलेल्या ग्रॅमसाहेबांना कडकडून मिठी मारली, त्यामुळे आकडा आणखी वर गेला. भंगारवाल्यानं निमूटपणे दहा किलोंचा हिशेब केला आणि काटा दुरुस्तीला पाठवतो असं सगळ्यांसमोर कबूल केलं. मेव्हणे म्हणाले, आपल्याला पहिल्यापासून संशय होता. कशाचा, ते त्यांनी सांगितलं नाही.

दुकानात परत आल्यावर ग्रॅमसाहेब मान खाली घालून बसले. "तो फोटो पुसून टाका," ते मालकिणीला म्हणाले. "चाकाचा दोष नव्हता. दुरुस्तीचा खर्च माझ्याकडे. ती कोपऱ्यातली... पाण्याच्या जारवाली... अजून आहे?"

"आहे ना, काका. आकाशी मी परत घेते," मालकीण म्हणाली आणि फोटो पुसला. आता तिनं रीतसर वही उघडली. "तुमचं एकशे अठरा. आणि काकूंचं पंचावन्न, ना?"

वहिनींनी अचानक आकाशी गाडीच्या घंटीत फार रस घेतला. त्या घंटी वाजवत राहिल्या. ग्रॅमसाहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. ज्या हातानं आयुष्यभर पिशव्या तोलल्या, त्याच हातानं त्यांनी ही बाई आजवर असंख्य वेळा पायरीवरून, होडीतून, बसमधून खाली उतरवून घेतली होती. तिचं वजन किती, हे जगात त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. पासष्ट. किंवा सहासष्ट, साडीवर अवलंबून.

"काका? काकूंना काट्यावर...?"

"काट्याची गरज नाही," ग्रॅमसाहेब म्हणाले. "मी पडताळलंय. पंचावन्न लिहा."

मालकिणीनं लिहिलं. घंटी वाजायची थांबली.

जिन्याखाली आता राखाडी तीनचाकी उभी असते. चिठ्ठी तीच आहे, पालकही तेच. पहिल्या संध्याकाळी त्या कपाटासारख्या गाडीनं चढ असा काही पार केला, की घंटी वाजवायचं भानही ग्रॅमसाहेबांना राहिलं नाही. वाटेत ते पळणारं जोडपं भेटलं. त्यांनी सवयीनं हात पुढे केले आणि गाडी त्यांच्यापुढून निघून गेली. मागच्या बाकावरून वहिनी बदकांबद्दल सांगत होत्या. पिल्लं मोठी झाली होती, एक जरा लंगडत होतं, आणि बाकाला आता पिवळा रंग देणार होते म्हणे. सांगता सांगता त्या मध्येच थांबल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "तुम्हाला कळलं होतं ना?"

"काय?" ग्रॅमसाहेबांनी विचारलं आणि रस्त्यावर नजर ठेवली.

वहिनींनी पुढे सरकून त्यांच्या पाठीला डोकं टेकवलं. ग्रॅमसाहेबांना डोक्याचं वजन किती ते लगेच कळलं, आणि त्यांनी ते कुणालाही सांगितलं नाही.